डोक्याचं थ्रीडी मॉडेल शिकवण्यासाठी करताय? आधी कवटीची भोकं मोजा

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे: ब्लेंडर आणि झीब्रश या थ्रीडी सॉफ्टवेअरवर हात बसलाय, पुण्यातल्याच एका मेडिकल कॉलेजच्या ॲनाटॉमीच्या मॅडमनी फर्स्ट इयरच्या मुलांसाठी 'पूर्ण डोकं' थ्रीडीत करून मागितलंय, कातडीपासून हाडापर्यंत सगळे थर, आणि तुला विचारायचंय की सुरुवात कुठून करू, नेटवरची फुकट मॉडेल्स चालतील का, सॉफ्टवेअर कुठलं, वेळ किती लागेल आणि पैसे किती सांगू. मी मुळात डेंटिस्ट, प्रॅक्टिस सोडून बरीच वर्षं झाली, आता कॉलेजेस आणि सर्जन लोकांसाठी हेच काम करते, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आधी मॅडमना परत फोन कर आणि विचार, की या मॉडेलवर तुम्ही नेमकं काय शिकवणार. त्या म्हणतील सगळंच. ते मान्य करू नकोस. कवटीचा वरचा घुमट, खालचा जबडा, डोक्याच्या कातडीचे (स्काल्पचे) थर, चेहऱ्याचे मोठे स्नायू यासाठी कोणाला तुझ्या मॉडेलची फारशी गरज नाहीये, मुलांकडे सिनियरकडून घेतलेला बोन सेट असतो, डिसेक्शन हॉलमध्ये बॉडी असते, आणि हातात घेतलेलं खरं हाड हे स्क्रीनवरच्या हाडापेक्षा कायम भारी. मुलं अडतात ती वेगळ्याच जागी. इन्फ्राटेम्पोरल फॉसा घे, म्हणजे गालाच्या हाडाच्या कमानीखालची, जबड्याच्या आतल्या बाजूची पोकळी. तिथे पोचायला ती कमान, झायगोमॅटिक आर्च, कापायची, जबड्याचं कोरोनॉइड टोक कापून टेम्पोरॅलिस स्नायू वर उचलायचा, लॅटरल टेरिगॉइड स्नायू काढायचा, तेव्हा कुठे जिभेची लिंग्वल आणि खालच्या दातांची इन्फिरियर अल्व्हिओलर नर्व्ह नीट दिसणार, आणि तोपर्यंत टेबलाभोवतीच्या पंचवीस जणांपैकी कोणीतरी त्यातली एक तोडलेली असते आणि बाकीच्यांना मागून फक्त पुढच्याचं ॲप्रन दिसत असतं. टेरिगोपॅलाटाइन फॉसाचं तर विचारूच नकोस, वरच्या जबड्यामागची एवढीशी फट, आत मॅक्सिलरी नर्व्ह, एक गँगलियन (नर्व्हची गाठ) आणि मॅक्सिलरी आर्टरीचा शेवटचा भाग, बाहेर पडायला सात वाटा, आणि फर्स्ट इयरची बहुतेक पोरं ती न बघताच पाठ करून वायवाला जातात. कॅव्हर्नस सायनस, कवटीच्या तळावरची रक्ताची पोकळी, तसंच, डोळ्याच्या खोबणीचा मागचा टोकाचा भाग तसाच, मधला कान तसाच. तुझा वेळ आणि कॉलेजचा पैसा या जागांवर जायला हवा.

म्हणजे मी काय म्हणतेय, डोक्याच्या ॲनाटॉमीत निम्मा खेळ भोकांचा आणि पोकळ्यांचा आहे. कुठल्या भोकातून काय जातं, कुठून निघतं, कोणाच्या वरून जातं, कोणाच्या खालून. पृष्ठभाग कितीही देखणा केलास, पोअर्स दिसतायत, सबसरफेस स्कॅटरिंग (कातडीत उजेड झिरपल्याचा इफेक्ट) लावलंय, आणि कवटीच्या तळातलं फोरामेन स्पायनोसम हे बारीक भोक बुजलेलं असेल तर त्या मॉडेलवर मिडल मेनिंजियल आर्टरी कवटीत शिरणार कुठून? आणि ती शिरली नाही तर टेरिऑनवर, म्हणजे कानशिलावर, मार लागल्यावर कवटी आणि मेंदूच्या आवरणामधला एक्स्ट्राड्युरल रक्तस्राव का होतो हे शिकवायचं कसं? ॲनिमेशनवाल्यांची नजर बाहेरून आत जाते, इथे उलटं करावं लागतं.

आता डेटा. तीन-चार मार्ग आहेत आणि प्रत्येकाची खोड वेगळी.

हॉस्पिटलचा सीटी सगळ्यात सोपा वाटतो पण 'कुठलाही सीटी द्या' म्हणून चालत नाही. साध्या ब्रेन सीटीचे स्लाइस बऱ्याचदा ५ मिमी जाड साठवलेले असतात, आणि फोरामेन स्पायनोसमचा व्यास साधारण २ मिमी, म्हणजे ते दोन स्लाइसच्या मध्ये कुठेतरी गायब झालेलं असणार. ०.६ मिमीच्या आसपासचे पातळ स्लाइस माग, आणि बोन कर्नल व सॉफ्ट टिश्यू कर्नल, म्हणजे हाड आणि मऊ भाग ठळक दाखवणारी, दोन्ही रिकन्स्ट्रक्शन माग, रेडिओलॉजीत एकदा विचारलं की देतात, पण स्कॅन जुना झाला की कच्चा डेटा पुसला जातो मग नंतर डोकं आपटून उपयोग नाही. दुसरं, बऱ्याच ठिकाणी ब्रेन सीटी करताना डोळ्याच्या लेन्सवर रेडिएशन नको म्हणून गँट्री (मशीनचं गोल कडं) तिरकी करतात. हा तिरकेपणा सॉफ्टवेअरने हिशोबात धरला नाही तर अख्खी कवटी कलंडल्यासारखी तिरपी येते, आणि ती इतकी बेमालूम तिरपी असते की नुसत्या डोळ्याला 'थोडी लांबुळकी कवटी' एवढंच वाटतं. तिसरं हे माझ्यातल्या डेंटिस्टचं: तोंडात चांदी किंवा मेटलचे कॅप असलेला पेशंट नको, दातांच्या पातळीवर सगळीकडे रेघाच रेघा येतात. आणि दात घट्ट मिटलेला स्कॅन पण नको, वरचे-खालचे दात एकमेकांत वितळून एकच गठ्ठा होतो आणि मग ते हाताने सोडवत बसायला लागतं. तोंड किंचित उघडं असलेला स्कॅन मिळाला तर सोनं.

डेंटल क्लिनिकवाले सीबीसीटी (दातांसाठीचा कोन बीम सीटी) आनंदाने देतील, त्याचा व्हॉक्सेल, म्हणजे थ्रीडी पिक्सेल, ०.१ ते ०.४ मिमी, दात आणि जबडा सुंदर येतो, पण त्यात ग्रे व्हॅल्यूवर भरवसा ठेवता येत नाही आणि मऊ भाग जवळपास नाहीच. जबड्यातला नर्व्हचा कालवा काढायला वापर, बाकी सोडून दे.

परवानगीचं आत्ताच बोलून घेते, कारण हे लोक शेवटी ठेवतात. कॉलेजच्या एथिक्स कमिटीचं पत्र हवंच, आणि फाइलमधून नाव-नंबर काढला म्हणजे झालं असं समजू नकोस. डोक्याच्या सीटीतून चेहरा जसाच्या तसा उभा राहतो, ओळखीचा माणूस ओळखू शकतो. २०२३ चा डेटा प्रोटेक्शनचा कायदा आहेच, पण कायदा बाजूला ठेवला तरी कोणाच्या तरी वडिलांचा चेहरा तू दोनशे पोरांच्या मोबाइलवर देणार का? माझा नियम साधा आहे, खऱ्या स्कॅनमधून हाड घेते, कातडी कधीच नाही. कातडी स्वतः स्कल्प्ट करायची, कोणाचीही नाही अशी.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो मार्ग म्हणजे डिपार्टमेंटची चांगली सुकी कवटी घेऊन तिचाच सीटी काढायचा. भोवती फक्त हवा, मऊ भाग नाही, रेडिएशनची चिंता नाही त्यामुळे हवा तेवढा बारीक स्कॅन. फोटोग्रामेट्री (फोटोंवरून थ्रीडी) पण करतात लोक, रंग छान येतो, पण कॅमेरा भोकाच्या आत बघू शकत नाही, आणि आपलं तर सगळं कामच भोकांचं. एक जाता जाता, भारतातून मानवी हाडांच्या निर्यातीवर १९८५ मध्ये बंदी आली, त्याआधी जगभरच्या कॉलेजेसना सांगाडे पुरवणारा मुख्य देश आपणच होतो. आणि आता आपल्या पोरांच्या हातात जी डिजिटल डोकी येतात ती बहुतेक बाहेरची. तुमच्या डिपार्टमेंटच्या कपाटातली कवटी स्कॅन करण्याला हे एक वेगळंच कारण आहे माझ्या मते.

फुकटच्या मॉडेल्सबद्दल विचारलंस. अमेरिकेचा व्हिजिबल ह्यूमन प्रोजेक्ट, पुरुषाचा डेटा १९९४ ला आला, १ मिमीच्या कापांचा, स्त्रीचा १९९५ ला, ०.३३ मिमीच्या. गोठवलेलं शरीर थर थर घासत प्रत्येक थराचा रंगीत फोटो काढलेला आहे, त्यामुळे सीटीत न दिसणारा स्नायू आणि चरबीतला फरक तिथे डोळ्याने दिसतो. २०१९ पासून त्याला लायसन्सचा अर्जही लागत नाही. स्नायू समजून घ्यायला याच्यासारखं काही नाही, विशेषतः स्त्रीचा डेटा. मग जपानचं बॉडीपार्ट्सथ्रीडी आहे, आणि त्यावर उभं राहिलेलं झी-ॲनाटॉमी, जे थेट ब्लेंडरमध्येच उघडतं. दोन्ही उघडून बघ, नावांची मांडणी कशी केलीय, पालक-मूल अशी झाडं कशी लावलीयत ते शिकण्यासारखं आहे. पण बॉडीपार्ट्सथ्रीडी मुळात पूर्ण शरीराच्या एमआरआयवर बेतलेलं आहे, कवटीच्या तळाच्या बारीक भोकांसाठी तो डेटा घेतलेलाच नव्हता. त्यावर डोळे झाकून नर्व्ह काढत बसलास तर आगीतून फुफाट्यात. वापरलंस तर लायसन्सची अट वाच आणि नाव दे. आणि ते पैसे घेऊन विकणाऱ्या साइटवरचं 'मेडिकली ॲक्युरेट' डोकं घेण्याआधी कवटी उलटी करून खालून बघ, निम्म्या मॉडेल्सचा निकाल तिथेच लागतो.

सेगमेंटेशनसाठी, म्हणजे स्कॅनमधून एकेक भाग वेगळा काढायला, थ्रीडी स्लायसर, फुकट आहे आणि पुरेसं आहे. सीटीतली प्रत्येक गोष्ट हाउन्सफील्ड युनिटमध्ये येते, पाणी ०, हवा उणे १०००, चरबी उणे १०० च्या आसपास, स्नायू ४०–६०, घट्ट हाड १००० च्या वर. हाड वेगळं काढायला लोक २००–३०० चा थ्रेशोल्ड लावतात आणि बटण दाबतात, की आली कवटी. इथूनच खरी भानगड सुरू होते. डोळ्याच्या खोबणीची आतली भिंत, लॅमिना पॅपिरेशिया, कागदाएवढी पातळ, खोबणीचा तळ तसाच, सायनसची पुढची भिंत तशीच. एका व्हॉक्सेलमध्ये थोडं हाड आणि बरीच हवा आली की सरासरी थ्रेशोल्डच्या खाली जाते आणि तिथे भोक पडतं, खरं नसलेलं. म्हणून मग थ्रेशोल्ड खाली आणतोस, तर इकडे खरी बारीक भोकं बुजायला लागतात. आणि मग कंटाळून 'फिल होल्स' मारतोस. सॉफ्टवेअरला खरं भोक आणि खोटं भोक यातला फरक कळत नाही रे, ते स्पायनोसम प्रामाणिकपणे बुजवतं आणि खोबणीतलं खोटं भगदाड मोठं आहे म्हणून तसंच सोडतं. याला शॉर्टकट नाही. खऱ्या भोकांची यादी समोर ठेवायची, रोटंडम, ओव्हेल, स्पायनोसम, कॅरोटिड कॅनाल, ज्युग्युलर, हायपोग्लॉसल, स्टायलोमॅस्टॉइड, सुपिरियर ऑर्बिटल फिशर, ऑप्टिक कॅनाल, टेरिगॉइड कॅनाल, ग्रेटर पॅलाटाइन, यादी मॅडमकडून घे, आणि एकेक करून उजवं-डावं हाताने तपासायचं.

माझी पद्धत सांगते. डिपार्टमेंटची सुकी कवटी मांडीवर घ्यायची, बारीक मऊ तार घ्यायची आणि प्रत्येक भोकातून घालून ती कुठे निघते बघायचं. मग तीच तार मॉडेलमध्ये, म्हणजे कर्व्ह काढायचा, तो कुठेही हाडाला न कापता आरपार गेला पाहिजे. रोटंडममधून घातलेली तार टेरिगोपॅलाटाइन फॉसात निघते, ओव्हेल आणि स्पायनोसममधून घातलेली इन्फ्राटेम्पोरल फॉसात. कॅरोटिड कॅनालमध्ये घातलेली तार सरळ वर जातच नाही, पेट्रस हाडात शिरून काटकोनात पुढे आणि आत वळते. ही वळणं हाताला एकदा कळली की मॉडेलमध्ये चूक दिसायला लागते. फोरामेन लॅसेरम हा खास सापळा आहे, सुक्या कवटीत ते मोठं फाटकं भोक दिसतं म्हणून आर्टिस्ट लोक इंटर्नल कॅरोटिड त्यातून खालून वर सरळ घुसवून देतात. जिवंत माणसात खालचं तोंड कूर्चेने बंद असतं, आर्टरी त्याच्या वरच्या अंगाने जाते. परीक्षकांचा हा आवडता प्रश्न आहे आणि तुझं मॉडेल पोरांना त्याचं चुकीचं उत्तर शिकवेल.

स्मूदिंग जपून. साधं लाप्लासियन स्मूदिंग अख्खी जाळी (मेश) आकसवतं, स्टायलॉइडचं टोक वितळतं, क्रिस्टा गाली बोथट होते, भोकं मिटायला लागतात. तौबिनची पद्धत, १९९५ ची, त्यामानाने आकार राखते. तरी मी घुमटाला वेगळं आणि तळाला वेगळं असंच करते. डेसिमेशनचंही (त्रिकोण कमी करण्याचंही) तेच, सीटीतून निघालेली कवटी वीस-तीस लाख त्रिकोणांची असते, घुमटाचे नव्वद टक्के उडवलेस तरी कोणाला कळणार नाही, तळाला मात्र हात आखडता ठेव.

कवटीची हाडं सुटी करून मागतील, बावीस हाडं वेगवेगळ्या रंगात, हे नक्की. मोठ्या माणसाच्या सीटीत सांधे सुटे दिसत नाहीत, ते तुलाच कापावे लागतात. प्लेन टाकून बूलियनने सरळ कापू नकोस. टेम्पोरल हाडाची पातळ कड पॅरायटलवर बाहेरून चढलेली असते, तिरकी, त्यामुळे बाहेरून दिसणारी सांध्याची रेघ आणि आतून दिसणारी रेघ एका जागी नसते. स्फिनॉइड आणि ऑक्सिपिटल तर विशीच्या आसपास एकमेकांना जोडूनच जातात, तिथे रेघ कुठे मारायची हा तुझा आणि मॅडमचा ठरवून घेण्याचा भाग आहे. स्फिनॉइड सगळ्यात शेवटी काप, ते क्रेनियमच्या बाकी सातही हाडांना लागतं, त्यामुळे बाकीचे कापले की ते आपोआप उरतं.

स्नायूंकडे येऊ. चावण्याचे चार, मॅसेटर, टेम्पोरॅलिस आणि दोन टेरिगॉइड, एमआरआयवर स्वच्छ दिसतात, ते काढता येतात. लॅटरल टेरिगॉइडची दोन डोकी वेगळीच ठेव, एकच मेश करू नकोस, कारण बक्कल नर्व्ह त्या दोघांच्या मधून बाहेर येते आणि जोडून टाकलंस तर ती अडकली. चेहऱ्याचे हावभावाचे स्नायू मात्र जवळपास पूर्ण हाताने करावे लागतात, आणि इथे झीब्रशवाले हमखास वाहवत जातात. तुमच्या कोर्समध्ये एकोर्शे, म्हणजे कातडी काढलेल्या शरीराचं शिल्प, शिकवतात ना, त्यात ते मांसल दोरखंड काढलेले असतात. प्रत्यक्षात हे स्नायू पापडासारखे पातळ, कडा धूसर, एकमेकांत मिसळलेले, आणि मुख्य म्हणजे एक टोक हाडावर आणि दुसरं कातडीत. कातडी हाइड केल्यावर ते टोक हवेत लटकतं ते तसंच बरोबर आहे, 'अर्धवट दिसतंय' म्हणून हाडाला चिकटवू नकोस.

नर्व्ह आणि रक्तवाहिन्या. आर्टरीज काँट्रास्ट दिलेल्या सीटी अँजिओमधून येतात. नर्व्ह सीटीत दिसत नाहीत, एमआरआयच्या खास सीक्वेन्समध्ये मेंदूतून निघतानाचे पाचव्या, सातव्या-आठव्या नर्व्हचे तुकडे दिसतात, पुढचा प्रवास तुला माहितीवरून काढायचाय. कर्व्ह, त्याला बेव्हल (जाडी), झालं, तांत्रिकदृष्ट्या हे सगळ्यात सोपं काम आणि ॲनाटॉमीदृष्ट्या सगळ्यात अवघड, कारण इथे फक्त रस्ता बरोबर असून भागत नाही, कोण वर कोण खाली हे पण बरोबर लागतं. पॅरोटिडमध्ये (कानाखालच्या लाळग्रंथीत) बाहेरून आत फेशियल नर्व्ह, मग रेट्रोमँडिब्युलर व्हेन, मग एक्स्टर्नल कॅरोटिड, हा क्रम उलटा झाला तर पॅरोटिडचं ऑपरेशन करणारा सर्जन तुझं मॉडेल बघून हसेल. कॅव्हर्नस सायनसमध्ये इंटर्नल कॅरोटिड आणि सहावी नर्व्ह आत, तिसरी, चौथी आणि पाचवीच्या पहिल्या दोन शाखा बाहेरच्या भिंतीत. कॉर्डा टिंपनी ही चवीची बारीक नर्व्ह मधल्या कानात मॅलियस आणि इंकस या हाडांच्या मधून जाते, पेट्रोटिंपॅनिक फिशरमधून बाहेर पडते आणि लिंग्वलला मागून येऊन मिळते. आणि लिंग्वल नर्व्ह अक्कलदाढेच्या आतल्या बाजूला किती जवळून जाते ते नीट दाखव, डेंटलची पोरं तुझं नाव काढतील, दाढ काढताना ती दुखावू शकते. मॅक्सिलरी आर्टरी लॅटरल टेरिगॉइडच्या खालच्या डोक्याच्या बाहेरच्या अंगाने जाते किंवा आतल्या, दोन्ही नॉर्मल आहे, तू एकच दाखवणार असशील तर दुसऱ्याची नोंद लिही.

जाडीचा एक गोंधळ असतो. कॉर्डा टिंपनी खऱ्या मापात काढलीस तर स्क्रीनवर केस दिसेल, म्हणून सगळेच नर्व्ह दुप्पट-तिप्पट जाड करतात, ठीक आहे, पण मग ती भोकात मावत नाही म्हणून भोक मोठं करतात, मग शेजारचं भोक त्याला लागतं. मी भोकाच्या आत नर्व्ह खऱ्या जाडीची ठेवते आणि बाहेर पडल्यावर हळूहळू जाड करते, कर्व्हच्या प्रत्येक पॉइंटला रेडियस देता येतो, त्यासाठीच आहे तो.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. तुझ्या मॉडेलमधला कुठला भाग स्कॅनमधून आला, कुठला हाताने काढला आणि कुठला मुद्दाम जाड केलाय हे प्रत्येक ऑब्जेक्टला लिहून ठेव, कस्टम प्रॉपर्टी टाक, आणि विद्यार्थ्याला ते बघता येईल असं बटण दे. कारण चमकदार थ्रीडीपुढे सगळं सारखंच खरं वाटतं. पुस्तकातलं चित्र बघताना पोराला कळत असतं की हे चित्र आहे. फिरवता येणाऱ्या डोक्यापुढे ते कळत नाही. मी हे बटण दिलेल्या मॉडेल्सवर मुलं जास्त प्रश्न विचारतात असं शिकवणारे सांगतात, आणि काही जणांना ते नकोही असतं, 'कशाला उगाच शंका निर्माण करायची' म्हणून. त्यांच्याशी मी वाद घालते.

एआयचं विचारशीलच. टोटलसेगमेंटेटरसारखी टूल्स मोठी हाडं, मोठ्या वाहिन्या पटापट वेगळी करतात, सुरुवातीचा वेळ वाचतो, जरूर वापर. कवटीच्या तळाला त्यांच्या भरवशावर राहू नकोस. आणि टेक्स्ट लिहून थ्रीडी कवटी बनवून देणारे जे आलेत त्यांची कवटी खालून बघितलीस तर करमणूक होते, एवढंच.

काही चिल्लर गोष्टी ज्या रात्र खातात. एसटीएल फाइलमध्ये एकक नसतं, स्लायसर मिलिमीटरमध्ये देतो, ब्लेंडर त्याला मीटर समजतो आणि तुझी कवटी दीड-दोनशे मीटर लांबीची होते, स्केल ०.००१ कर आणि ॲप्लाय कर. डायकॉम (स्कॅनच्या फाइलचा प्रकार) आणि स्लायसर यांची अक्षांची दिशा वेगळी आहे, त्यामुळे दोन सॉफ्टवेअरमधून आलेले भाग कधीकधी पाठमोरे बसतात, ते फक्त १८० अंशाचं फिरणं आहे, तिथे 'मिरर' करू नकोस, मिरर केलंस की डावं उजवं झालं. खरं मिररिंग तेव्हा होतं जेव्हा कोणी डायकॉमऐवजी जेपीजीचा गठ्ठा पाठवतं, क्रम उलटा लागतो. म्हणून तसा गठ्ठा घ्यायचाच नाही. सुरुवातीलाच पेशंटची एका बाजूची खूण लिहून ठेव, कुठला दात नाहीये, नाकाचा पडदा कुठे वाकलाय, ती शेवटपर्यंत त्याच बाजूला दिसली पाहिजे. आणि कवटी फ्रँकफर्ट प्लेनमध्ये बसव, खोबणीची खालची कड आणि कानाच्या भोकाची वरची कड एका आडव्या पातळीत, नाहीतर कॉलेजमध्ये पहिलाच शेरा 'तिरकी ठेवलीय' असा येणार.

तपासणीला गोल फिरणारा व्हिडिओ पाठवू नकोस, सगळे 'व्वा, मस्त' म्हणतात आणि काहीच तपासत नाहीत. नॉर्मा व्हर्टिकॅलिस, फ्रंटॅलिस, लॅटरॅलिस, ऑक्सिपिटॅलिस, बेसॅलिस, म्हणजे वरून, समोरून, बाजूने, मागून आणि खालून, हे पाच व्ह्यू ॲनाटॉमीवाल्यांच्या अंगवळणी पडलेले असतात, तेच पाठव, आणि कवटीचा आतून दिसणारा तळ सहावा. प्रत्येक भागाला लेखी ओके घे. टेम्पोरल हाड ईएनटीच्या माणसाकडून बघून घे, ॲनाटॉमीवाल्यांपेक्षा त्यांची नजर तिथे जास्त बारीक. लेबल्स टर्मिनोलोजिया ॲनाटॉमिका या प्रमाण नावांच्या यादीप्रमाणे, मेशच्या आत पक्की बसवू नकोस, वेगळ्या फाइलीत ठेव, म्हणजे लेबल लपवून स्पॉटर (भाग ओळखण्याची) परीक्षा घेता येते.

मुलं बघणार मोबाइलवर, हॉस्टेलच्या नेटवर. त्यामुळे एकच अवाढव्य फाइल न देता भागाभागाची जीएलबी (थ्रीडी मॉडेलची) फाइल, प्रत्येकी वीस-तीस एमबीच्या आत. चार जीबीची रॅम असलेल्या फोनवर स्वतः चालवून बघ. व्हीआर हेडसेटचा आग्रह झाला तर दोनशे पोरांच्या बॅचला दोन हेडसेटवर रांग लावून काय होणार ते शांतपणे विचार, नाकापेक्षा मोती जड होतो तो.

वेळेचं म्हणशील तर हाडं आठवड्या-दोन आठवड्यांत उभी राहतात, आणि ती बघून सगळ्यांना वाटतं की काम संपत आलं. नर्व्ह आणि तपासणीच्या फेऱ्या यात महिने जातात. म्हणून 'पूर्ण डोकं' अशी एक रक्कम सांगूच नकोस. आधी फक्त इन्फ्राटेम्पोरल फॉसाचं कोटेशन दे, त्यात किती स्ट्रक्चर्स, किती फेऱ्या दुरुस्तीच्या, त्यापुढची फेरी पैसे देऊन, असं लिहून. 'कॉलेजचं नाव लागेल तुझ्या कामाला' हे वाक्य ऐकायला येईल, पुण्यात तर येतंच, हसून पुढे जायचं. स्कॅनचा मालक कोण, मॉडेलचा मालक कोण, तू तेच मॉडेल दुसऱ्या कॉलेजला देऊ शकतोस का, हे तीन मुद्दे पत्रात हवेत, आणि मॅडमची बदली झाली तर सही करणारं पुढचं माणूस कोण हेही, सरकारी कॉलेज असेल तर हे विशेष. पहिला हप्ता हाडांच्या ओकेवर, दुसरा नर्व्हच्या ओकेवर, आणि सोर्स फाइल शेवटचा हप्ता खात्यात आल्यावर.